मृगयापूर्व टेहळणी

मृगयापूर्व टेहळणी : हरिणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या प्रदेशात हिंडून तेथील प्राण्यांच्या जाती, त्यांची संख्या, चरण्याच्या जागा, पाणवठे, येण्याजाण्याच्या वाटा व विसाव्याची ठिकाणे यांची माहिती मिळविण्याचे काम. मराठीत या कामाला ‘माग काढणे’, ‘खबर काढणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. शिकारीचे यश बव्हंशी या कामावर अवलंबून असे. तथापि शिकारीच्या इतिहासात नेम धरणाऱ्याचे नाव राहिले, माग काढणाऱ्याचे क्वचितच नोंदले गेले. प्रस्तुत नोंदीत या कौशल्याचा इतिहास दख्खनच्या, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसराच्या, संदर्भात दिला आहे.

मराठीत ‘हरिण’ हा शब्द दोन भिन्न कुलांतील प्राण्यांना लावला जातो. सांबर, चितळ व भेकर हे मृगकुलातील (सर्व्हिडी) प्राणी असून त्यांच्या नरांची शिंगे ठराविक काळाने गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा व चौशिंगा हे बोव्हिडी कुलातील असून त्यांची शिंगे पोकळ व कायम टिकणारी असतात. टेहळणी करणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा होता. कारण सांबराची शिंगे गळालेली आहेत, मखमली कातडीखाली वाढत आहेत की पूर्ण पक्व झाली आहेत, यावर त्याच्या शिकारीचा काळ ठरत असे. काळविटाच्या बाबतीत असा अडसर नव्हता.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : राजाने मृगयेस जाण्यापूर्वी वनाची पाहणी करून घ्यावी, हा दंडक जुना आहे. राजा चल लक्ष्यावर नेम धरण्याच्या सरावासाठी अरण्यात जाण्यापूर्वी पारध्यांनी व शिकारी कुत्री बाळगणाऱ्यांनी ते चोर, हिंस्र पशू व शत्रू यांपासून निर्भय करून ठेवावे, असे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. राजाच्या विहारासाठी एकच प्रवेशद्वार असलेले व खंदकाने वेढलेले मृगवन राखण्याची सूचनाही त्यात आहे. कालिदासाच्या अभिज्ञानशाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत मृगयेचा बेत रहित करतो, तेव्हा वन वेढण्यासाठी आधीच पुढे गेलेल्या माणसांना परत बोलाविण्याची आज्ञा सेनापतीला देतो. त्यावरून ही पूर्वतयारी तत्कालीन वाचकांच्या चांगल्या परिचयाची होती, हे दिसते.

दख्खनपुरते पाहिल्यास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथातील मृगयाविषयक भाग विशेष उल्लेखनीय आहे. हरिणांच्या शिकारीच्या अनेक पद्धतींचे त्यात वर्णन असून चित्त्याच्या साहाय्याने शिकार करण्याच्या जुन्या भारतीय उल्लेखांत त्याची गणना होते.

मोगल काळ : मोगल अमदानीत टेहळणीला स्वतंत्र खात्याचे स्वरूप आले. ‘करावल’ ही संज्ञा सैन्याच्या आघाडीवर जाऊन शत्रूची खबर काढणाऱ्याला आणि शिकारीसाठी सावजाचा माग काढणाऱ्याला सारखीच लावली जाई. दोन्ही कामांना तीच नजर व तेच धैर्य लागते, हा अनुभव या संज्ञेत आला आहे. शिकारखात्यावर ‘मीर शिकार’ हा अधिकारी असे. बादशहा शिकारीच्या निमित्ताने पूर्वसूचना न देता प्रदेशात हिंडून प्रजेची स्थिती समजून घेतो, असे अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत म्हटले आहे. म्हणजे सावजाची टेहळणी ही राज्यकारभाराचीही टेहळणी होती.

‘कमर्गा’ या प्रकारात विस्तीर्ण प्रदेशाला माणसांचे कडे घालून ते आवळत नेत व आत कोंडलेल्या प्राण्यांची शिकार करीत. अकबराने १५६७ मध्ये लाहोरजवळ केलेला कमर्गा प्रसिद्ध आहे; १५७८ मध्ये भेरा येथे मात्र सर्व तयारी झाल्यावर त्याने तो अर्ध्यावर थांबविला. फ्रेंच वैद्य व प्रवासी फ्रान्स्वा बर्निये याने औरंगजेबाच्या काळातील पद्धतीचे वर्णन केले आहे. बादशहाची स्वारी ज्या भागातून जाणार असेल, तेथील वनरक्षक आपल्या हद्दीत कोणते प्राणी कोठे आहेत याची वर्दी मुख्य शिकार अधिकाऱ्याला देत. मग तेथील वाटांवर पहारे बसत आणि तो टापू बादशहा येईपर्यंत इतरांना बंद होई.

औरंगाबादचा या परंपरेशी निकटचा संबंध होता. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या नगराला औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत (१६५३–५७) औरंगाबाद हे नाव मिळाले. शहराच्या उत्तरेस सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा व पश्चिमेस वेरूळ-कन्नडचा डोंगराळ मुलूख आहे. या झाडीत सांबर व भेकर, तर दक्षिणेस गोदावरी खोऱ्याच्या उघड्या माळांवर काळवीट व चिंकारा, अशी वनश्रीची विभागणी होती. त्यामुळे टेहळणीच्याही दोन भिन्न रीती येथे शेजारी-शेजारी नांदत होत्या.

टेहळणीच्या रीती : माळावरचे काम मुख्यतः डोळ्यांचे असे. काळविटाचा कळप दुरूनच दिसतो. परंतु तोही तितक्याच दुरून माणसाला पाहतो. म्हणून कळप पहाटे कोणत्या शेतात उतरतो, उन्हे तापल्यावर कोठे विसावतो आणि त्याच्याजवळ जाण्यास कोणता ओढा किंवा बांध आडोसा देईल, हे काही दिवस आधी हेरून ठेवावे लागे. प्रौढ नर विशिष्ट जागा आपली म्हणून राखतो आणि त्याच ठिकाणी पुनःपुन्हा लेंड्या टाकतो. अशा ताज्या राशींवरून नर नजरेस पडला नाही, तरी त्याचा ठिकाणा कळे. रब्बीची ज्वारी व हरभरा उभा असताना शेतकऱ्यांकडून मिळणारी खबर सर्वांत भरवशाची असे. कारण पिकाचे नुकसान त्याच्याच शेतात होत असे.

झाडीतले काम खुणांचे असे. सांबराचा खूर चितळापेक्षा मोठा. ठशाची कड धारदार असेल तर तो ताजा, कड ढासळून त्यात पालापाचोळा पडला असेल किंवा किड्यांच्या रेघा उमटल्या असतील तर शिळा, असे ठोकताळे होते. ठशावर दव पडलेले आहे की दव मोडून ठसा उमटला आहे, यावरून प्राणी रात्री गेला की पहाटे, हे ठरविता येई. शिंगे घासल्याने सोललेल्या साली, चिखलात लोळल्याच्या जागा व खारट मातीची चाटणे यांची नोंद ठेवली जाई. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की झाडाखाली, आवळे पडू लागले की त्या झाडीत हरिणांचे येणे-जाणे वाढते. उन्हाळा चढेल तसे पाण्याचे साठे कमी होत जात व टेहळणी उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर केंद्रित होई. वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय कोणताही जाणकार पाणवठ्याकडे पाऊल टाकीत नसे. सांबर व चितळ यांची इशाऱ्याची साद ऐकून वाघ-बिबट्याचा वावर ओळखणे, हाही याच विद्येचा भाग होय.

माग काढणारे समाज : ही विद्या लेखी नव्हती. भिल्ल व पारधी या समाजांत ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडी व प्रत्यक्ष सरावाने चालत आली. फासे पारधी वादीचे फास हरिणांच्या वाटेवर खुंट्यांना बांधून ओळीने मांडीत. शिकविलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ सरकण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. फास नेमका कोठे मांडावा, हा सारा प्रश्न टेहळणीचाच होता. काही पारधी चित्ते पकडून त्यांना शिकारीसाठी तयार करीत. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी (कार. १८९४–१९२२) फासे पारध्यांना स्थिर वस्ती व काम देऊन त्यांच्या कौशल्याची कदर केली. तेथे चित्त्यांकरवी काळविटाची शिकार विसाव्या शतकातही चालू होती. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणविण्यात आले.

ब्रिटिश राजवटीचे धोरण याच्या उलट होते. गुन्हेगार जमातींविषयीचा १८७१ चा कायदा पुढे मुंबई इलाख्यास लागू झाला व पारध्यांची गणना जन्मजात गुन्हेगारांत केली गेली. एकाच माणसाचे माग काढण्याचे ज्ञान साहेबाच्या शिकारीत उपयुक्त व त्याच्या स्वतःच्या उपजीविकेत संशयास्पद ठरले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याने लावलेला कलंक मात्र त्याबरोबर पुसला गेला नाही.

छावणी आणि शिकार : एकोणिसाव्या शतकात औरंगाबादच्या छावणीत निजामाच्या खर्चाने पोसले जाणारे व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य असे. अधिकाऱ्यांच्या शिकारीच्या मोहिमा स्थानिक वाटाड्यांच्या आधारानेच निघत. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत आला व त्याने लेणी पाहिली, लेणे क्र. १० मधील खांबावर त्याने कोरलेले नाव व तारीख आढळते. हा ‘शोध’ त्याच्या नावावर जमा झाला. तथापि दरीच्या परिसरात वावरणाऱ्या लोकांना ती लेणी आधीच ठाऊक होती. टेहळणीचे श्रेय कोणाकडे जाते, याचे याहून बोलके उदाहरण या भागात नाही.

याच कंटिंजंटच्या घोडदळात जून १८५७ मध्ये बंडाचा उद्रेक झाला. जनरल वुडबर्नच्या फौजेने तो मोडून काढला व बंडवाल्यांना शहराच्या तटाबाहेर काळा चबुतरा येथे देहदंड देण्यात आला. तीच जागा आज क्रांती चौक म्हणून ओळखली जाते. मोगलांच्या करावलांप्रमाणे या स्वारांचेही काम प्रदेशाची खबर काढण्याचे होते. शिकारीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी अशा माणसांची नावे नोंदविली नाहीत, आणि शहराने त्यांची स्मृती चौकाच्या नावात राखली, हा योगायोग लक्षणीय आहे.

कायदे व बंदी : ब्रिटिश हिंदुस्थानात वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १९१२ मध्ये झाला व विणीच्या काळात शिकारबंदीची कल्पना रुजली. राखीव जंगलांचे गट पाडून परवान्यावर ठराविक मुदतीसाठी ते शिकाऱ्याला देण्याची पद्धत पडली. मुदत थोडी असल्याने आगाऊ टेहळणीचे महत्त्व वाढले व गावोगावच्या खबऱ्यांना मागणी आली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. बंदुका, जीपगाड्या व प्रखर दिवे यांचा वापर वाढल्यावर मात्र माग काढण्याची गरजच उरली नाही. रात्री दिव्याच्या झोतात थबकलेले हरिण टिपण्यास कोणतेही ज्ञान लागत नव्हते; कळप झपाट्याने घटण्याचे हे एक कारण होय. जुन्या टेहळणीत कष्ट होते, म्हणून संयमही होता.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. काही प्राण्यांच्या बाबतीत परवान्याची वाट मात्र राहिली होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत फास लावणे, शिकारीसाठी प्राणी हाकणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे हाका व शिकारीच्या हेतूने केलेली तयारी यांना आता कायदेशीर स्थान नाही.

आधुनिक रूप : शिकार संपली तरी टेहळणी संपलेली नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य (१९८०) व छत्रपती संभाजीनगर-जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवरील गौताळा-औट्रम घाट अभयारण्य (१९८६) यांसारख्या क्षेत्रांत ठसे, लेंड्या व पाणवठे यांच्या आधारेच गणना चालते. वैशाख पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची महाराष्ट्रातील प्रथा ही जुन्या शिकाऱ्याचीच बैठक आहे. हातात बंदुकीऐवजी नोंदवही असते एवढाच फरक. स्वयंचलित कॅमेरे आले, तरी कॅमेरा कोणत्या वाटेवर बांधावा हे माग ओळखणाऱ्यालाच ठरवावे लागते. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आदिवासी व पारधी यांच्याकडून मिळविलेले रानाचे शब्द व निरीक्षणे ग्रंथबद्ध करून या मौखिक ज्ञानाची मोठी हानी टाळली.

हे ज्ञान आज दुधारी आहे. चोरट्या शिकारीतही तेच वापरले जाते आणि ती रोखण्यासाठीही तेच लागते. शिकारबंदीने राजेरजवाड्यांचा छंद गेला, पारध्यांची उपजीविका गेली. त्यांपैकी दुसऱ्या हानीची भरपाई अद्याप पुरती झालेली नाही. माग काढणाऱ्याला गणनेत, गस्तीत व अभ्यासात मानाचे व पगारी स्थान मिळाले, तर एक प्राचीन विद्या टिकेल व तिच्या बळावर हरिणांचे कळपही टिकतील.