डिस्क चार, घर एक

कर्वेनगरात माझ्या मित्राच्या टेबलाखाली एक काळा डबा आहे. त्यात चार हार्ड डिस्क, प्रत्येकी चार टीबीच्या. गेली काही वर्षे आम्ही दोघे जुन्या घरांतले उर्दू आणि मोडी कागद स्कॅन करतो, वडीलधाऱ्यांच्या दखनीतल्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. सगळे त्या डब्यात. मागच्या पावसाळ्यात एका डिस्कचा दिवा लाल झाला. मित्र निर्धास्त होता. म्हणाला, "एक गेली तरी चालतं, त्यासाठीच तर चार घेतल्या." नवी डिस्क बसवली, भरणी सुरू झाली आणि मध्यरात्री दुसऱ्या डिस्कने मान टाकली.

कागद पुन्हा स्कॅन होतील. पण ज्यांचे आवाज त्यात होते, त्यांतल्या दोन खाला आता हयात नाहीत.

'एक गेली तरी चालतं' हा भरवसा आला कुठून? त्याला इतिहास आहे. १९५६ साली आयबीएमने पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. पुढची तीस वर्षे मोठ्या संगणकांच्या डिस्क महागड्या आणि अवजड राहिल्या. घरगुती संगणक आले तशा छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात आल्या. मोठी एक घेण्याऐवजी छोट्या पुष्कळ जोडल्या तर?

१९८८ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यांचा हिशोब साधा होता. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या जथ्यात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत येणार. म्हणून जास्तीची माहिती साठवणे भाग होते. अशा जथ्याला त्यांनी 'रेड' हे नाव दिले आणि त्याचे पाच प्रकार मांडले. युक्त्या सगळ्याच नव्या नव्हत्या. हरवलेली माहिती परत मिळवण्याच्या अशाच एका पद्धतीचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्येच मिळाले होते. बर्कलीच्या तिघांनी त्यांची नीट मांडणी केली.

वर्गात मी ती युक्ती अशी सांगेन. तीन चिठ्ठ्यांवर ४, ७ आणि ५ हे आकडे आहेत. चौथ्या चिठ्ठीवर बेरीज लिहा : १६. आता कोणतीही एक चिठ्ठी हरवू द्या, उरलेल्या तिघींवरून ती काढता येते. दोन हरवल्या की संपले. संगणक बेरजेऐवजी शून्य-एकांचा सम-विषम हिशोब ठेवतो, एवढाच फरक.

पण एक अट आहे. हरवलेली चिठ्ठी काढायची तर उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या पूर्ण वाचता आल्या पाहिजेत. आमच्या डब्यात हे वाचन १२ टीबीचे होते. बऱ्याच घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात साडेबारा टीबी वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते. ती ऐन भरणीच्या वेळीच आडवी येऊ शकते.

रेड या नावातले एक इंग्रजी अक्षर मुळात 'स्वस्त' या शब्दाचे होते. पुढे कंपन्यांनी तिथे 'स्वतंत्र' हा शब्द आणला. डिस्क खरेच स्वतंत्रपणे मरतात का? २००७ साली त्याच गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासोबत सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या पत्रकांनुसार वर्षाला शंभरात एकही डिस्क बदलावी लागू नये. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, एके ठिकाणी तर तेरा. शिवाय बिघाड एकामागोमाग येत होते. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्क पाहिल्या. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. आमच्या चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच डब्यात तापलेल्या. त्या स्वतंत्र कशा असणार?

आम्ही एक शहाणपण केले. दुरुस्तीचे बटण पुन्हा दाबले नाही. डबा बंद केला, प्रत्येक डिस्कवर तिच्या जागेचा क्रमांक लिहिला आणि जाणत्या माणसाकडे गेलो. त्याने आधी प्रत्येक डिस्कची, आजारी दोन्हींचीसुद्धा, जशीच्या तशी नक्कल काढली. सहज वाचता येणारा भाग अगोदर, अडणारा नंतर. मूळ डिस्क बाजूला ठेवून पुढचे सगळे काम नकलांवर केले. डिस्कांचा क्रम, तुकड्यांचा आकार, बेरीज कुठे कुठे ठेवली आहे, हे त्याने जुळवून काढले. पहिली डिस्क पूर्ण मेलेली नव्हती, आणि ती बाहेर पडल्यावर आम्ही डब्यात नवे काही साठवले नव्हते. म्हणून दुसरीतली बरीच भोके पहिलीवरून भरता आली. जवळपास सगळे परत आले. एका खालांच्या मुलाखतीतली अकरा मिनिटे मात्र कायमची गेली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही. ते पाणी ज्या मुठेतून पुण्यात शिरले, ती कर्वेनगरच्या कडेनेच वाहते. कागद मागायला गेलो की 'ते पानशेतात गेले' हे वाक्य आम्हाला आजही ऐकायला मिळते. त्या कपाटांत प्रत्येक कागदाच्या चार नकला असत्या, तरी चारही वाहून गेल्या असत्या. आमचा डबाही असेच एक कपाट होता. रेड एका डिस्कचे मरण सोसते. पूर, चोरी, किंवा चुकून पुसलेली फाइल यांपुढे तिचे काही चालत नाही. त्यासाठी नक्कल दुसऱ्या घरात लागते, आणि ती उघडते का हे अधूनमधून पाहावे लागते.

आता एक डिस्क मिरजेला माझ्या बहिणीकडे असते. ईदला जाताना मी नवी नक्कल घेऊन जातो. तिथे बसून एखादी मुलाखत लावून पाहतो, आणि मगच जुनी परत आणतो.