पोलादाचे जौहर : प्रतिकृती हा इतिहासाचा पुरावा ठरतो काय?

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासारख्या संग्रहांत जुनी शस्त्रे पाहताना काही पात्यांवर वेगळीच नक्षी दिसते. ती कोरलेली नसते आणि रंगवलेलीही नसते. पाण्यावर वाऱ्याची झुळूक फिरावी तशा बारीक, फिकट आणि गडद रेषा धातूच्या अंगातूनच उमटलेल्या असतात. फारसी आणि उर्दूत या नक्षीला ‘जौहर’ म्हणतात. जौहर म्हणजे रत्न आणि जौहर म्हणजे अंगचा गुणही. पात्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

ही पाती बनविण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात खंडित झाली. त्यानंतर ती कशी बनत असत, हा प्रश्न इतिहासकारांपुढे राहिला. त्याचे उत्तर केवळ दफ्तरे आणि ग्रंथ वाचून मिळाले नाही आणि केवळ प्रयोगशाळेतही मिळाले नाही. जुन्या पात्याची खरीखुरी प्रतिकृती ऐरणीवर घडविण्याचा हट्ट जेव्हा धरला गेला, तेव्हाच ते बऱ्याच अंशी हाती आले. हातकारागिराने केलेली प्रतिकृती इतिहासाचे साधन कशी ठरते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

शब्दांची साक्ष

प्रथम भाषेकडे वळू. मराठीतील ‘पोलाद’ हा शब्द फारसी ‘फौलाद’ वरून आला. कन्नड आणि तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. इंग्रजीत या दख्खनी पोलादाला ‘वूट्झ’ हे नाव मिळाले, ते ‘उक्कु’चेच बिघडलेले रूप असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला ‘मुहन्नद’ असे खास नाव होते. एका देशाच्या नावावरून शस्त्राच्या गुणाचा शब्द बनतो, तेव्हा त्यामागे व्यापाराची मोठी परंपरा असते.

नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या तत्त्वज्ञाने खलिफा अल्-मुअतसिम (कारकीर्द इ. स. ८३३ ते ८४२) याच्यासाठी तलवारींवर एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने लोखंडाचे दोन वर्ग केले आहेत : खाणीतून मिळणारे आणि खाणीतून न मिळणारे. पहिल्यात कठीण ‘शाबुरकान’ आणि मऊ ‘नरमाहन’ येतात. दुसरा वर्ग फौलादाचा. ते सापडत नाही, ते बनवावे लागते. पोलाद ही कृत्रिम वस्तू आहे याची एवढी स्पष्ट नोंद त्या काळी झाली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता ‘आब’ हा शब्द घ्या. उर्दूत तलवार ‘आबदार’ असते. मराठीत आपण हत्याराला ‘पाणी देतो’ आणि तेजस्वी माणसाला ‘पाणीदार’ म्हणतो. दोन्ही भाषांनी लोहाराच्या शाळेतूनच हे शब्द उचलले. मात्र शब्द टिकले तरी त्यामागची कृती टिकतेच असे नाही.

उक्कुची भट्टी

निजामाच्या राज्यातील कोनसमुद्रम् (आज तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात) हे पोलादाचे नामांकित केंद्र होते. हेन्री व्हॉयसी या इंग्रज डॉक्टर-भूशास्त्रज्ञाने तेथील भट्ट्या पाहून केलेले वर्णन १८३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेले लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून मातीच्या मुशीत घालत, मूस बंद करीत आणि भट्टी दिवसरात्र फुलती ठेवीत. नंतर धातू हळूहळू निववीत. हे पोलाद नेण्यासाठी इराणातून व्यापारी येत असत.

दक्षिणेतील अन्य ठिकाणच्या वर्णनांतून आणखी तपशील मिळतात. मुशीच्या मातीत भाताचा तूस मळलेला असे. मुशीत लोखंडाबरोबर तरवडाची वाळकी लाकडे आणि वर रुईची पाने घालीत. तरवड आणि रुई या आपल्या माळरानावरच्या ओळखीच्या वनस्पती. त्यांचा कोळसा होऊन त्यातील कार्बन लोखंडात मुरत असे आणि जवळजवळ दीड टक्का कार्बन असलेली पोलादाची गोल लगड तयार होई. साध्या हत्यारी पोलादात कार्बनचे प्रमाण याच्या सुमारे निम्मे असते.

नक्कल का जमेना?

१७९४ मध्ये मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये त्याचे पृथक्करण केले. त्यांना त्याचे मर्म ॲल्युमिनियमसारख्या अंशात असावे असे वाटले आणि जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनविणाऱ्या कारागिरासह त्यांनी नाना धातूंचे मिश्रण करून पाहिले. दख्खनी पोलादाचे कोडे त्यांतून सुटले नाही. पण मिश्रपोलादाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा आरंभ येथून झाला. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआँ यांनी १८२०च्या दशकात खरे कारण कार्बन असल्याचे दाखविले. उरल भागातील झ्लातोउस्त येथे पावेल अनोसोव यांनी बरेच यश मिळवून १८४१ मध्ये ‘बुलात’ पोलादावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘बुलात’ हेही फौलादचेच रशियन रूप.

युरोपीय लोहारांची मुख्य अडचण हाताच्या सवयीची होती. ते लोखंड पांढरेफेक तापवून ठोकत. उक्कुची लगड तशी तापवली तर घणाखाली भुगा होते आणि थंड ठोकली तर तडकते. ती चालते तेवढ्याच टप्प्यात, सुमारे ८५० ते १,००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे तांबूस ते नारिंगी रंगात. हा टप्पा लोहार डोळ्यांनी ओळखतो. कागदावर लिहिलेल्या कृतीत ‘रंग पाहून ठोकावे’ एवढेच येते. कोणता रंग, हे मात्र वर्षानुवर्षे भात्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

एक नालबंद आणि एक प्राध्यापक

या कोड्याला विसाव्या शतकाच्या अखेरीस निर्णायक कलाटणी मिळाली. अमेरिकेत आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि फ्लोरिडातील नालबंद व पातेकार आल्फ्रेड पेंड्रे यांनी कित्येक वर्षे एकत्र काम केले. पेंड्रे मुशीत पोलाद करीत, ते ठोकून पाते घडवीत आणि व्हरहोवेन त्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. काही लगडींत जौहर उमटे, काहींत सारे तसेच करूनही उमटत नसे. हा फरक कशामुळे, हा खरा प्रश्न होता.

उत्तर कच्च्या मालात सापडले. कॅनडातील क्वेबेकच्या एका विशिष्ट खनिजापासून मिळणारे लोखंड वापरले की नक्षी भरवशाने येई. त्या लोखंडात व्हॅनेडियमचा अल्प अंश होता. ०.०१ टक्क्याहूनही कमी व्हॅनेडियम पुरेसे ठरते, असे त्यांनी १९९८ च्या शोधनिबंधात मांडले. पाते पुन्हा पुन्हा बेताने तापवून ठोकले की लोह-कार्बनचे कठीण कण या अंशाच्या ओळींलगत रांगेने जमतात आणि त्याच रांगा म्हणजे जौहर. जुन्या अस्सल पात्यांच्या पृथक्करणातही असे अंश आढळले.

पेंड्रे यांनी आणखी एक गोष्ट करून दाखविली. काही इराणी पात्यांवर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पट्टे असतात, त्यांना ‘किर्क नर्दबान’ म्हणजे चाळीस पायऱ्या म्हणतात. पाते जवळजवळ पुरे झाल्यावर त्यावर आडव्या खाचा पाडून ते पुन्हा ठोकून सपाट केले की ही शिडी उमटते. या प्रात्यक्षिकाने एका जुन्या वादाला उत्तर मिळाले.

यावरून या दोघांनी असे अनुमान काढले की ज्या खाणींच्या लोखंडात हा अंश होता त्या संपल्या किंवा बदलल्या, म्हणून कारागिरांची रीत तीच राहूनही जौहर येईनासे झाले. हे अनुमान महत्त्वाचे असले तरी ते एकमेव कारण मानता येणार नाही. शेफील्डचे स्वस्त पोलाद, आश्रयदात्या फौजांचा ऱ्हास, तसेच ब्रिटिश मुलखात १८७८ चा शस्त्र कायदा आणि कोळशावर गदा आणणारे वन कायदे, हेही विसरता येत नाहीत.

ग्रंथ आणि मूस

प्रयोगाइतकेच ग्रंथाचे वाचनही आवश्यक आहे, हे इराणातील चाहक येथील संशोधनाने दाखविले. अल्-बिरुनीच्या ‘किताब अल्-जमाहिर’ या अकराव्या शतकातील ग्रंथात पोलादाची कृती आहे. तीत ‘रुसख्तज’ नावाचा एक पदार्थ येतो, ज्याचा अर्थ लागत नव्हता. राहिल अलीपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाहकच्या अकराव्या-बाराव्या शतकांतील मुशींचे अवशेष तपासले. त्या पोलादात क्रोमियम मुद्दाम घातल्याचे दिसले आणि तो पदार्थ क्रोमाइट असावा असे त्यांनी २०२० मध्ये मांडले. एका शब्दाचा अर्थ शब्दकोशाने नव्हे, तर मुशीच्या तळाशी राहिलेल्या गाळाने सांगितला. त्या गाळात काय शोधावे, हे मात्र हस्तलिखितानेच सुचविले होते.

प्रतिकृती म्हणजे नेमके काय?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारात ‘दमिश्की’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक जोडून, पिळून केलेल्या असतात. हे कसबही जुने आणि मानाचे आहे, पण ते जौहर नव्हे. त्या सुरीची नक्षी थरांतून येते, उक्कुची आतल्या कणांतून.

म्हणून प्रतिकृतीच्या पायऱ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, आकार जुन्यासारखा. दुसरी, धातूही जुन्यासारखा. तिसरी, कृती, इंधन आणि अवजारेही त्या काळची. पेंड्रे यांनी भट्टी गॅसवर चालविली आणि लोखंड कारखान्याचे घेतले. त्यांची पाती दुसऱ्या पायरीवर खरी उतरतात. कोनसमुद्रमचा कारागीर नेमके काय करीत होता, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. काय केल्याने जौहर येऊ शकते, एवढे सिद्ध होते. याउलट गिल जुलेफ यांनी श्रीलंकेत मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या प्राचीन भट्टीची तंतोतंत उभारणी करून, भात्याविना केवळ वाऱ्याच्या जोरावर लोखंड आणि पोलाद निघते हे १९९६ मध्ये दाखवून दिले. ती तिसरी पायरी. कोणती प्रतिकृती कोणत्या पायरीची हे न सांगणारा कारागीर फसवा ठरतो आणि ते न विचारणारा इतिहासकार भोळा.

शेवटचा हात

पाते घडले तरी जौहर दिसत नाही. ते आधी घासून आरशासारखे करावे लागते आणि मग लोहाच्या गंधकयुक्त क्षाराचे पाणी त्यावर फिरवावे लागते. तेव्हा गडद भाग गडद होतो आणि रेषा वर येतात. हे घासण्याचे काम ज्यांचे, ते शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई आणि त्याला फारसी ‘गर’ हा प्रत्यय लागून हा शब्द झाला. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडच्या वर्गांत हजेरी घेताना हे आडनाव आपण रोज उच्चारतो. लोहार, नालबंद ही आडनावेही तशीच. आपल्या हजेरीपटात एका लुप्त तंत्राचे सगळे टप्पे बसलेले असतात आणि इतिहासाच्या पेपरात मात्र त्यांना एक ओळही नसते.

अल्-किंदी आणि अल्-बिरुनी यांनी कारागिरांचे ज्ञान लिहून ठेवणे कमीपणाचे मानले नाही. पुढच्या काळात ग्रंथ जाणणारा आणि भाता ओढणारा यांच्यात अंतर पडले आणि जे लिहिले गेले नाही ते कारागिराबरोबर गेले. ते परत मिळवायला दोन शतके आणि दोन खंड लागले. गावोगाव पाल ठोकून विळे-कोयते शेवटणारे घिसाडी आणि बाजारपेठेत सहाणेवर बसलेले वृद्ध शिकलगार आजही भेटतात. त्यांचे शब्द, रंग ओळखण्याच्या खुणा, पाणी देण्याच्या रीती यांची नोंद एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सहज होऊ शकते. त्यासाठी भाषेचा आणि रसायनशास्त्राचा अध्यापक एकत्र बसला, तर तो प्रकल्प उद्याच्या प्रतिकृतीचा आधार होईल. घिसाडी आणि शिकलगार हयात आहेत तोवरच ही नोंद करता येईल.