टू-व्हील ड्राइव्ह ट्रक फोर बाय फोर करायचा की बदलायचा? उत्तर १९६० मध्येच फिरलं

"माझी पिकअप टू-व्हील ड्राइव्ह आहे. फोर बाय फोर करून घेऊ, की विकून दुसरी घेऊ?" कुठल्याही गाडीवेड्या मित्राला विचारा, तो म्हणेल, "विकून टाक." पण १९५० च्या दशकात अमेरिकेत "करून घे" हे उत्तरही तितकंच शहाणपणाचं होतं. मग नेमकं काय बदललं?

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये डॉजने पॉवर वॅगन बाजारात आणली. लष्करी ट्रकच्या घराण्यातली, कंपनीतूनच फोर बाय फोर. शेवरलेच्या साध्या पिकअपमध्ये मात्र इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळायची. बर्फात किंवा चिखलात रुतली की संपलं! ही गरज बाहेरच्या कंपन्यांनी हेरली. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन १९३० च्या दशकापासूनच फोर्डचे ट्रक बदलून देत होती. शेवरले आणि जीएमसीसाठी मिनियापोलिसच्या नॅप्को कंपनीने किट काढलं.

हे जमायचं कसं? तेव्हा ट्रकच्या पुढे एक आडवा, अखंड अॅक्सल असायचा आणि तो लीफ स्प्रिंगवर, म्हणजे आपल्या पाट्यांवर, बसलेला असायचा. तो काढायचा, त्या जागी चाकं फिरवणारा अॅक्सल लावायचा. मध्ये ट्रान्स्फर केस बसवायची आणि तिथून पुढे एक शाफ्ट न्यायचा. पुढच्या-मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो मात्र सारखाच हवा, नाहीतर दोन्ही एकमेकांशी भांडत बसतात. बाकी चॅसी तीच. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, इंटरफेस तोच, फक्त मॉड्यूल नवं. १९५७ मध्ये तर शेवरलेने नॅप्कोची ही फोर बाय फोर यंत्रणा थेट कंपनीतूनच द्यायला सुरुवात केली.

मग खेळ फिरला. १९५९ मध्ये फोर्डने स्वतःची फोर बाय फोर पिकअप आणली. १९६० मध्ये जनरल मोटर्सनेही स्वतःची आणली. पण खरी गंमत वेगळीच होती. त्याच वर्षी त्यांच्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन मिळालं. धक्के कमी, प्रवास आरामाचा. फोर बाय फोर मात्र जुन्या अखंड अॅक्सल आणि पाट्यांवरच राहिली. वरून दोघी बहिणी, खालून दोन वेगळ्या गाड्या! इंटरफेस तुटला तो इथे.

आराम मिळाला, पण मालकाच्या हातातला एक पर्याय निसटला. आज तर एबीएस आणि कॉम्प्युटरची भर पडली आहे. सुटे भाग आणि मजुरीचा हिशोब मांडला, की वापरलेली फोर बाय फोर घेणं बहुतेकदा स्वस्त पडतं. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही.

म्हणून कुणी हा प्रश्न विचारला, तर आधी त्याला गाडीखाली वाकून बघायला सांगा. पुढे अखंड अॅक्सल आणि पाटे दिसले, तर निदान बोलणी तरी करता येतील. नाहीतर किंमत काढा आणि गिऱ्हाईक शोधा.