खाजणातली झाडे आणि आपल्या शेतातले मीठ



ब्राह्मणपुरीत बसून समुद्राची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण प्रकाशाला गोमाई तापीला मिळते आणि तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला जाते. आपल्या शिवारातून वाहून गेलेली माती आणि तिच्यात विरघळलेले क्षार शेवटी तिथेच पोचतात. जे क्षार वाहून जात नाहीत ते आपल्याच शेतात राहतात, आणि आजचे बोलणे त्यांच्याविषयीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात ब्राह्मणपुरीच्या एका बाबांनी मला त्यांच्या केळीच्या बागेचा खालचा कोपरा दाखवला. पानांच्या कडा करपलेल्या, घड लहान, आणि वाफ्यांच्या वरंब्यांवर पिठासारखा पांढरा थर. बाबा म्हणाले, "साहेब, पाणी तर भरपूर देतो, तरी बाग हसत नाही." बागेच्या कडेला रुदंती उगवली होती. ती पाहिली आणि मला कोकणातले खाजण आठवले.

समुद्राच्या भरतीचे पाणी जिथे आत शिरते आणि ओहोटीला परत जाते त्या सपाट, चिखलाच्या जमिनीला खाजण म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते पाणी दिवसातून दोनदा मुळाशी येते. आपली केळी, पपई, मिरची तिथे आठवडाभरही टिकायची नाही. तरी खाजण उजाड नसते. तिथेही झाडांच्या वस्त्या असतात, आणि गावात जशा आळ्या ठरलेल्या तशा त्यांच्याही जागा ठरलेल्या असतात. पाण्याच्या अगदी तोंडाशी चिप्पी, तिवर आणि कांदळ. थोडे आत, जरा उंचावर, काटेरी पानांची मारांडी आणि गेवा. गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, म्हणून माहीतगार माणूस त्याच्यावर कोयता चालवत नाही. त्याही मागे, जिथे फक्त मोठ्या उधाणाचे पाणी चढते, तिथे मोरस, धापा, खारे गवत आणि रुदंती. पिलूचे झाडही अशा खारट जमिनीत तग धरते.

मिठाशी प्रत्येकाचा व्यवहार वेगळा. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. तिवर ते आत घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो. तिवराचे पान चाटून पाहा, खारट लागेल. त्याच्या पेन्सिलीएवढ्या मुळ्या चिखलातून वर डोकावतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना श्वास तर घ्यायचा असतो. आपल्या पाणथळ वाफ्यात मुळे का कुजतात याचे उत्तर इथेच आहे. मोरस आपल्या जाड, रसाळ पानांत मीठ साठवते. किनाऱ्यावरच्या बायका तिची कोवळी पाने खुडून, उकळून पाणी टाकून भाजी करतात, आणि ती चवीला छान लागते.

आता इतिहासाकडे वळू. कोकणातल्या माणसाने ही खाजणे पाहिली आणि त्यांना बांध घातला. बाहेरून मातीदगडाचा बांध, त्याला पाणी सोडायची उघाडी. ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर जायचे, भरतीला ती बंद व्हायची. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढायचा आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर तिथे भात उभा राहायचा. यालाच खारभूमी म्हणतात. अलिबाग आणि पेणच्या बाजूला असा मोठा पट्टा आहे, त्याचे नावच खारेपाट. मोड आलेले बी टाकून रहू पेरण्याची रीत तिकडची. काळा रता, भुरा रता हे मीठ सोसणारे भात तिकडचेच. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण काढले.

पण समुद्राकडून मिळवलेली ही जमीन कष्ट करणाऱ्याची नव्हती. खोताला खंड द्यायचा, वर वेठही करायची. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवले की आता जमीन कसायचीच नाही. २५ गावांतला हा संप १९३९ पर्यंत, सहा वर्षे चालला. शेतकऱ्याने सहा वर्षे आपल्या हाताने शेत पडीक ठेवायचे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली मुंबई प्रांताचा कूळ कायदा झाला.

बांध कुणी राखायचा हा प्रश्न मात्र राहिलाच. १९४८ साली मुंबई खारभूमी कायदा झाला, त्याच्या जागी १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. कागदावर व्यवस्था झाली, पण बांध मातीचा. खेकडे त्याला पोखरतात, उधाणाची लाट धडकते, एखाद्या रात्री खांड पडते. पहिल्या आठवड्यात ती चार माणसे बुजवतील. वर्षभर राहिली तर चाळीस माणसांना आवरत नाही. मग शेतात भरतीचे पाणी फिरू लागते, पाण्याबरोबर तिवराचे बी येते, आणि काही वर्षांत सातबारावर भातशेत आणि जागेवर जंगल अशी गत होते. ते जंगल तोडताही येत नाही, कारण तिवर-कांदळांना कायद्याचे संरक्षण आहे. ते योग्यच आहे असे माझे मत आहे. किनाऱ्याची धूप हीच झाडे थोपवतात आणि मासळीची पिल्ले त्यांच्याच मुळांत वाढतात. २०२० साली आपल्या राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. पण खांड वेळेवर न बुजल्यामुळे ज्याचे शेत गेले, त्याच्या नुकसानीचे दुःखही खरेच आहे.

समुद्र नसतानाही जमीन खारट होते, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. बारमाही पाणी आले, ऊस आला, पैसा आला. काही वर्षांतच सखल भागातल्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी त्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. अशा जमिनीत होते ते असे: पाणी जास्त दिले, निचऱ्याला वाट नाही, त्यामुळे जमिनीखालचे पाणी वर चढते. उन्हाने ते उडून जाते आणि मीठ वरच्या थरात राहते. कंदिलाची वात तेल वर ओढते तशी काळी माती खालचे पाणी ओढत असते. पुढे सांगली-कोल्हापूरकडे कृष्णेच्या काठीही हेच घडले.

एक हिशेब करून पाहू. समजा तुमच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या एक लिटर पाण्यात एकच ग्रॅम क्षार आहेत. प्यायला ते थोडे मचूळ लागेल, इतकेच. एकराला दोन इंच पाणी दिले म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. म्हणजे एका पाळीला २०० किलो क्षार तुम्ही स्वतः शेतात टाकले! दहा पाळ्यांना २० क्विंटल. एवढे खत कुणी फुकट दिले तरी आपण विचार करून टाकू. कोकणात हे मीठ धुवायला मोठा पाऊस आहे. आपल्याकडे त्याच्या चौथाईच्या आसपास पडतो. म्हणून पाणी बेताने द्या, ठिबक असेल तर उत्तमच, आणि जास्तीच्या पाण्याला चराने वाट काढून द्या.

बाबांच्या बागेत मी चुकलो तेही सांगतो. पांढरा थर पाहून मी घाईने म्हणालो, "जिप्सम टाका." नशिबाने आधी मातीचा नमुना गेला. सामू ८.१ आला, क्षारता ६ च्या वर. सामू ८.५ च्या वर असता आणि मातीत सोडियम जास्त असता तर ती चोपण. तिथे जिप्सम हवे, सोबत धैंचा गाडायचा, कारण चोपण नुसत्या पाण्याने धुतली जात नाही, उलट आणखी घट्ट होते. ही जमीन नुसती क्षारयुक्त होती. तिला हवा होता चर आणि पावसाळ्यात बांधबंदिस्ती करून गोड्या पाण्याची धुलाई. जिप्समचे पैसे मातीत गेले असते. तेव्हा पांढऱ्या जागेचा नमुना वेगळा आणि चांगल्या जागेचा वेगळा घ्या, विहिरीचे पाणीही बाटलीत भरून तपासायला द्या. रुदंती दिसली की सावध व्हा, पण औषध ठरवा ते तपासणीवरूनच. तोवर त्या कोपऱ्यात केळी-पपईचा हट्ट धरू नका. कपाशी मीठ बरेच सोसते, गहूही थोडेफार सोसतो.

बाबांचा चर मे महिन्यात खणून झाला. शेवटचे दीडशे फूट मात्र शेजाऱ्याच्या शेतातून जातात आणि तिथे काम अडले आहे. शेजाऱ्याचीही खालची पट्टी पांढरी पडू लागली आहे, पण दोघांचे बोलणे बंद आहे. येत्या बुधवारी दोघांनाही बांधावर बोलावले आहे. शेजाऱ्याला सांगितले आहे की येताना आपल्या खालच्या पट्टीची माती पिशवीत घेऊन या.