तळटीप : चित्रकार बेंद्रे
* नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२). नावसाधर्म्यामुळे कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्याशी गल्लत नको. जन्म इंदूरचा, घर मराठी. एरंडोल-धुळ्याकडच्या वाचकाला हा मुलूख परका नाही. धुळ्याहून आग्रा रोडने वर गेले की इंदूरच लागते. तिथल्या कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकर मुलांना उघड्यावर चित्रे काढायला पाठवीत. भर उन्हातली गल्ली, मातीच्या भिंतीवर पडलेली तिरपी सावली, जाडसर रंगाचे ठसठशीत फटकारे ही इंदुरी धाटणी बेंद्र्यांच्या हातात तिथेच मुरली. पुढे काश्मीरच्या पर्यटन खात्यात नोकरी, शांतिनिकेतन, अमेरिका अशी भटकंती झाली. १९४१ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या एका चित्राचे नावही ‘व्हॅगाबाँड’, म्हणजे भटक्या! १९५० नंतर बडोद्यात शिकवताना ते घनवादाकडे वळले, तर उतारवयात ठिपक्या-ठिपक्यांच्या रंगांतून खेड्यातल्या बायका रंगवू लागले. लेखकाने त्यांना सरसकट ‘वास्तववादी’ म्हटले आहे. ते फक्त सुरुवातीच्या निसर्गचित्रांपुरते खरे मानावे.