लढाई कोठून पाहावी?

इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल ॲडम्सच्या फौजेनें चांद्याला वेढा घातला. महिन्याभरापूर्वीं, १७ एप्रिल रोजीं, याच ॲडम्सनें पांढरकवड्यानजीक दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याची दाणादाण उडविली होती. गोंड राजांनीं बांधलेला चांद्याचा दगडी कोट तोफांनीं फोडून २० मे रोजीं इंग्रजी पलटणी आंत शिरल्या, आणि किल्लेदार गंगासिंग पडला. या वेढ्याची हकीकत आपण वाचतों ती बहुधा मोर्च्यावरून पाहिलेली असते: तोफा किती, खिंडार केव्हां पडलें, माणसें किती कामास आलीं. कोटावरच्या शिपायाला त्या दिवशीं काय दिसलें, हें तींत येत नाहीं.

या वेढ्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १८२४ सालीं, फॉन राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्यानें युद्धाचा एक खेळ सिद्ध केला. मेजावर नकाशा पसरावयाचा, पलटणींच्या जागीं ठोकळे मांडावयाचे, आणि माऱ्याचा परिणाम फांसे टाकून ठरवावयाचा. सेनापतीची नजर आणि फांशांचें गणित अशी ही जोडी जमली. १९७४ सालीं अमेरिकेंत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला तो अशाच युद्धखेळांच्या पोटीं. मात्र पलटणीच्या जागीं आतां एकटा वीर आला, आणि खेळणारानें त्याचें सोंग घ्यावयाचें. आमच्या घरोघरचीं मुलें संगणकावर राक्षस मारीत बसतात, ते अद्भुत कथांचे खेळ याच वंशांतले होत.

पडद्यावरचा देखावा ज्या जागेवरून दिसतो, तिला या खेळांच्या परिभाषेंत 'कॅमेरा' म्हणतात. १९८१ सालच्या 'अल्टिमा'मध्यें सारा मुलूख घारीच्या नजरेनें दिसे. त्याच वर्षीं निघालेल्या 'विझर्ड्री'मध्यें भुयाराच्या भिंती वीराच्याच डोळ्यांनीं दिसत. लढाई मात्र दोहोंतहि पाळीपाळीनें चाले. नजर खालीं उतरली, तरी गणित मेजावरचेंच राहिलें. ही विसंगति फार दिवस खपली. ती उघडी पडली २००२ सालच्या 'मॉरोविंड'मध्यें. तेथें तलवार शत्रूच्या अंगाला लागलेली डोळ्यांना धडधडीत दिसते, आणि पडद्याआडचा फांसा सांगतो कीं, वार चुकला! वरून पाहतांना जो हिशेब कोणाला खटकला नसता, तोच जवळून पाहतांना लबाडी वाटूं लागला. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्यें कर्त्यांना तो काढून टाकावा लागला. पाहण्याची जागा बदलली कीं लढण्याचे नियमहि बदलावे लागतात, हें इतक्या स्पष्टपणें मला एखाद्या लष्करी ग्रंथांतहि आढळलेलें नाहीं.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनीं २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. असुरांनीं पळविलेल्या भावाला शोधणारी ही मुलगी दुरून, प्रचंड वाड्यांमध्यें चिमुकली दिसते, आणि कॅमेरा फिरविणें खेळणाराच्या हातीं नाहीं. तिला चोहोंकडून घेरणारे असुर या अंतरामुळेंच एकदम नजरेंत येतात. तिच्या चपळाईला तें सोयीचें आहे.

असा खेळ उद्यां कोणी आमच्या भागावर रचला तर? १८१८ चा कोट घारीच्या नजरेनें दाखवितां येईल. परंतु १९८२ पर्यंत चांदा जिल्ह्यांतच असलेल्या गडचिरोलीच्या रानाला ती नजर उपयोगाची नाहीं. वरून पाहिलें तर तेथें झाडांचे शेंडेच दिसावयाचे. १८५८ सालीं मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २९ एप्रिल रोजीं त्यांच्या माणसांनीं प्राणहितेकांठीं तारायंत्राच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड व हॉल हे अधिकारी मारले गेले, आणि तिसरा, पीटर, निसटून कॅप्टन क्रिक्टनकडे पोहोंचला. कॅमेरा पीटरच्या पाठीमागें ठेवला, तर झाडींतून येणारे ते सारे राक्षस ठरतात. बाबूरावांच्या खांद्यामागें ठेवला, तर रानांत शिरणारी ती तारच राक्षसाची होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें. तो प्रसंग कोणाच्या डोळ्यांनीं दाखवावयाचा, हें खेळ रचणारानें आधीं ठरवावें आणि तलवारीचे नियम मग लिहावेत.