‘स्टीफन्स’ या आडनांवाचा इतिहास

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें उचित होय. अशा वेळीं मराठी ख्रिस्ती जनांच्या मुखीं एका इंग्रज धर्मगुरूचें नांव सहज येतें. ते म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या ओव्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांचें आडनांव कोठून आलें व त्याचा अर्थ काय, हें क्वचितच कोणी विचारतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

या आडनांवाचें मूळ ग्रीक भाषेंत आहे. ‘स्तेफानोस’ म्हणजे मुकुट. विशेषेंकरून शर्यतींत जिंकणाऱ्या वीराच्या मस्तकीं घालीत ती पानांची माळ. संत स्तेफन हा प्रेषितांच्या काळीं निवडलेल्या सात सेवकांपैकीं एक. यरुशलेम नगराबाहेर त्याजवर दगडांचा वर्षाव झाला, आणि मारणाऱ्यांसाठीं क्षमा मागत त्यानें प्राण सोडला. ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी तो हाच. त्याचा सण २६ डिसेंबर रोजीं, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं येतो.

इंग्लंडांत १०६६ सालापूर्वीं हें नांव विरळाच आढळे. त्या सालीं नॉर्मन लोकांनीं तो देश जिंकला, व त्यांच्याबरोबर हें नांव तेथें रूढ झालें. पुढें ११३५ पासून ११५४ पर्यंत स्टीफन नांवाचा राजाच गादीवर होता. एका गांवांत एकाच नांवाचे अनेक जण झाले म्हणजे ओळख पटावी कशी? तेव्हां बापाचें नांव जोडण्याची चाल पडली. शेवटचा ‘स’ हा आपल्या ‘चा’ सारखा प्रत्यय होय. स्टीफन्स म्हणजे ‘स्टीफनचा’. उत्तर इंग्लंडांत व स्कॉटलंडांत ‘सन’ म्हणजे पुत्र हा शब्द लावण्याची चाल अधिक होती; त्यावरून स्टीफनसन, स्टीव्हनसन हीं आडनांवें झालीं. आरंभीं अशीं नांवें पिढीगणिक बदलत. तेराव्या-चौदाव्या शतकांत तीं वंशपरंपरागत होऊं लागलीं. १५३८ सालीं प्रत्येक धर्मग्रामानें स्नानसंस्कार, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम तेथें झाला. अशा नोंदींत लेखनिकाच्या कानाप्रमाणें एकच नांव निरनिराळ्या प्रकारें लिहिलें जाई. आजही कोणी तें ‘फ’काराचीं अक्षरें घालून लिहितात, कोणी ‘व्ह’ घालून. इंग्रजांच्या तोंडीं उच्चार मात्र ‘स्टीव्हन्स’ असाच असतो.

आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा पुत्र. पोर्तुगीज भाषेंत स्टीफनला ‘एस्तेव्हांव’ म्हणतात; म्हणून ‘एस्तेव्हिस’ हें आडनांव स्टीफन्सचें सख्खें भावंडच होय. आपण आपल्या नांवापुढें वडिलांचें नांव लावतों, त्यांत तरी दुसरें काय आहे?

आतां फादर स्टीफन्स यांजकडे वळूं. त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं विल्टशायर परगण्यांतील बुश्टन गांवीं झाला. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या अमदानींत कॅथलिक उपासनेस बंदी होती. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांनीं धर्मासाठीं अनेक वर्षें कारागृहांत काढलीं. स्टीफन्स रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोहोंचले, आणि १० नोव्हेंबर रोजीं त्यांनीं आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. तें पत्र आजही उपलब्ध आहे.

गोव्यांत त्यांचें आडनांवही बदललें. ते ‘पाद्री एस्तेव्हांव’ झाले. कांहीं जुन्या लेखांत त्यांस ‘बस्टन’ असेंही म्हटलें आहे. तें त्यांचें आडनांव नसून जन्मगांवाच्या नांवाचा अपभ्रंश होय. देश सुटला, भाषा सुटली, नांवाचें रूपही पालटलें; परंतु अर्थ मात्र राहिला. १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें सुमारें ११,००० ओव्यांचें मराठी पुराण छापलें गेलें. १६१९ सालीं गोव्यांतच त्यांनीं देह ठेवला.

आडनांवानें पुण्य लाभत नाहीं, व एक आडनांव असलेले सारे एका वंशाचे असतात असेंही नाहीं. तरी ही गोष्ट मनांत धरण्यासारखी आहे: ज्यांच्या आडनांवाचा अर्थच ‘अमक्याचा पुत्र’, त्या ब्रह्मचारी धर्मगुरूंनीं तें पुढें चालविण्यास पुत्र ठेविला नाहीं. त्यांनीं ठेविल्या त्या ओव्या. आणि त्या आपल्या मायबोलींत आहेत. ज्युबिलीच्या दिवशीं आपल्या नोंदवहींतील नांवें वाचतांना, आपण कोणाचे म्हणवितों व मागें काय ठेवतों, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.